दाराची बाहेरची बाजू

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरीची घडी एकटीनं घालता येत नाही. रुळांच्या यंत्रातून ती दाबून, वाळून, हाताला चटका देत बाहेर येते, तेव्हा तिच्या चार कोपऱ्यांना चार हात लागतात. दोघी दोन टोकं धरतात, एक झटका देतात, चादरीच्या पोटात वारा भरतो. मग एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा मिळवायचा आणि पुन्हा मागं सरायचं. दिवसभर तेच. यंत्राच्या घरघरीत लांबून काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथल्या बायकांचं बोलणंही तुकड्यातुकड्यानं चालतं. जवळ आल्या की एक वाक्य, लांब गेल्या की मुक्या.

तिथं जिचा हात सगळ्यांत सरळ, तिला घडीमावशी म्हणत. तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू येई, आणि तेव्हा ओ द्यायला तिला स्वतःलाच उशीर होई. चादरीच्या दुसऱ्या टोकाला असायची कंडक्टरीण. ही पूर्वी बसमध्ये तिकिटं फाडायची. दारूनं तिची नोकरी खाल्ली, मग घर खाल्लं, आणि एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली ती दोन हिवाळे झोपली. घडीमावशीचं जरा वेगळं. शिवणकामानं तिची कंबर धरली. कमरेसाठी गोळ्या आल्या. कंबर बरी झाली, गोळ्या राहिल्या. गोळ्यांपायी शिलाई मशीन गेलं, आणि मशीनच्या मागोमाग ती स्वतःही घरातून निघाली. आधी एका रात्रीपुरती, मग आठ दिवसांपुरती. मग दुसऱ्याचे जिने, फलाट, बागेची भिंत. आता दोघी बायकांच्या निवाऱ्यात शेजारशेजारच्या खाटांवर राहत. व्यसन सुटून दोघींनाही वर्षं झाली होती, पण घडीमावशीच्या अंगातली भिंगरी काही थांबली नव्हती. काम सुटलं की हातांना काय द्यावं तिला कळत नसे. रुमाल, वर्तमानपत्र, बसचं तिकीट, जे हाती येईल त्याची घडी घालायची. बसल्या जागी पाय चुळबुळत. कंडक्टरीण म्हणायची, "एकदा तुझ्या पायांना तिकीट दे आणि पाठव कुठंतरी."

घडीमावशीला एक लेक होती. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळे तपासायची, काचा घासून चौकटीत बसवायची. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसे, आणि तिच्या शेजारी घडीमावशी. लेक तिला आई म्हणत नसे. खरं तर काहीच म्हणत नसे, सरळ बोलायला लागे. दुकानात तिनं सांगितलं होतं की आई परगावी असते, आणि बाकावरच्या या ओळखीच्या बाई. घडीमावशीला ते माहीत होतं आणि कबूल होतं. तो बाक गेला तर आपलं सगळंच गेलं, हे तिनं मनाशी बांधून ठेवलं होतं. म्हणून बाकावर ती जपून वागे. जुनं काही उकरायचं नाही, काही मागायचं नाही. हवेबद्दल बोलायचं, काचांबद्दल बोलायचं, आणि सुट्टी संपायच्या आधी आपणच उठायचं.

असं सुरळीत चाललेलं असताना निवाऱ्यात सिनेमावाली आली.

बाई तरुण होती, चटपटीत होती, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. तिच्याबरोबर एक टोपीवाला मदतनीस. बाईला बेघर आणि व्यसनी माणसांवर सिनेमा काढायचा होता, आणि त्यात शक्यतो खरी माणसं घ्यायची होती. निवाऱ्याच्या जेवणघरात सगळ्या बायकांना बसवून ती म्हणाली, "आतापर्यंतच्या सिनेमांत एकाच तऱ्हेचा व्यसनी दिसतो. मला सगळ्या तऱ्हेची माणसं दाखवायची आहेत."

"कुठल्या कुठल्या तऱ्हेची?" कंडक्टरणीनं विचारलं. सवयच होती तिला, कोण कुठून चढलं ते विचारायची.

बाईनं सांगितलं. नोकरी गेलेला इंजिनिअर होता. डोंगरातून आलेला एक मजूर होता, ज्याची भाषा कुणाला कळत नाही. एक आंधळा गाणारा. घरच्यांनी हाकललेला एक पोरगा, ज्याला ना पोरांत जागा ना पोरींत. एक म्हातारा सैनिक.

"आणि बायका?"

"आहेत ना. आई आहे, बहीण आहे, नर्स आहे."

"त्या उचलणाऱ्या झाल्या. पडणाऱ्या?"

टोपीवाल्यानं फोनमध्ये डोकं घातलं. बाई मात्र खोटं बोलली नाही. "लिहिली होती एक," ती म्हणाली. "निर्मात्यांनी काढायला लावली. म्हणाले, बाई रस्त्यावर पडलेली दिसली की लोक सिनेमा सोडून तिची पोरं कुठं असतील याचाच विचार करतात. आईला लोक माफ करत नाहीत."

जेवणघरात तिच्यासमोर रांगेनं बसलेल्या होत्या त्या बहुतेक आयाच होत्या. घडीमावशीनं हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली.

निवड झाली. कंडक्टरणीला उंचीमुळे नर्स केली. घडीमावशीच्या चेहऱ्याकडे बाई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही आई. मुलगा नशेत घरी येतो, तुम्ही वाट बघत दाराशी उभ्या."

दुसऱ्या दिवशी चादरीच्या दोन टोकांना दोघी.

"आयुष्यभर मी पडले," कंडक्टरीण जवळ येत म्हणाली, "आणि सिनेमात मला उचलायला ठेवली." मागं गेली. पुन्हा आली. "तुझं तरी बरं. आई झालीस."

घडीमावशी हसली. कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिला बरं वाटलं होतं. दाराच्या आत उभी असलेली, वाट बघणारी, जिच्याबद्दल लोकांना वाईट वाटेल अशी आई. असं काही तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. उसनं का होईना, अंगावर घालून बघावंसं वाटत होतं. गुरुवारी बाकावर तिनं लेकीला सांगितलंही. लेकीनं डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "कुणाची आई?"

"एका नशेड्याची."

"चांगलं आहे," लेक म्हणाली. त्यातून काय समजायचं ते घडीमावशीला कळलं नाही.

तालमीसाठी आणि चित्रीकरणासाठी एका जुन्या इमारतीतली खोली भाड्यानं घेतली होती. खोलीत खाट, स्टूल, दिव्याचं बटण, आणि जिन्याकडे उघडणारं एक दार. दिव्यांच्या तारा साप पसरावेत तशा जमिनीवर पसरलेल्या. बाईनं सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाली, "मावशी, दारात उभ्या राहा."

घडीमावशी निघाली, दार उघडलं, बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि जिन्यात पाठ भिंतीला टेकवून उभी राहिली. थांबली. आतून हसण्याची एक लाट आली. टोपीवाल्यानं दार उघडून डोकं बाहेर काढलं.

"मावशी, आत. तुम्ही आई आहात."

"आईच आहे," ती म्हणाली.

आणि मग तिला समजलं आपण कुठं उभ्या आहोत ते. तिला कुणी विचार करायला वेळ दिला नव्हता. दारात उभं राहा म्हटल्यावर पाय आपले आपण गेले होते, त्यांना ठाऊक असलेल्या बाजूला.

हसत हसत तिला आत घेतलं. आत उभी राहिली तर आणखीच पंचाईत. हातांचं काय करायचं? बसायचं की फिरायचं? बाईनं समजावलं, "वाट बघताना तुम्ही जे करता तेच करा." घडीमावशी खाटेवर बसली, उठली, खाटेवरची चादर काढून तिची घडी घातली, पुन्हा पसरली. बाई कंटाळली नाही, एवढंच म्हणाली, "परवा करू. घरी जाऊन आठवून बघा."

आठवून काय बघणार? जे माणसानं कधी केलंच नाही ते आठवायचं कुठून? रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी धुलाईघरात तिनं दोनदा कोपरा चुकवला. आणि दुपारी, गुरुवार नसताना, ती दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसली.

लेक आली. आज कशी, असं तिनं विचारलं नाही. बसली आणि डबा उघडला.

"मी यायची नाही तेव्हा," घडीमावशी म्हणाली, "तू दाराआड काय करायचीस?"

लेकीचा हात डब्यावर तसाच राहिला.

"इतकी वर्षं नाही विचारलंस. आज कशासाठी?"

खोटं सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. "सिनेमासाठी," ती म्हणाली.

लेक नाकातल्या नाकात हसली. "निदान खरं बोललीस." मग समोरच्या दुकानाच्या काचेकडे बघत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं तिनं सांगितलं. "कडीला हात पोचायचा नाही. बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहायचे. जिन्यात तुझी पावलं यायची. एकापाठोपाठ एक नीट पडली तर कडी काढायचे. घासत आली तर दिवा घालवायचे."

"घालवायचीस?"

"आणि श्वास धरायचे. तू थोडा वेळ थांबायचीस, मग जायचीस. तू गेलीस की बादली जागेवर ठेवायचे."

आता सांगायला हवं ते हे. त्या सगळ्या काळोख्या वर्षांतून घडीमावशीनं स्वतःसाठी एकच चांगली गोष्ट वाचवून आणली होती. जिना चढून आल्यावर फटीतून उजेड दिसला नाही, तर ती कधी दार वाजवत नसे. पोर झोपली आहे, झोपू दे, असं म्हणून ती पाठ भिंतीला टेकवून जरा उभी राहायची आणि आल्या पावली खाली उतरायची. कशीही असले तरी पोरीची झोप मोडली नाही मी, हे तिनं फाटक्या पिशवीच्या तळाशी नाणं जपावं तसं जपलं होतं. निवाऱ्यात पहिल्या रात्री थरथर सुटली तेव्हा तेच धरून ती पडून राहिली होती. आणि पोर जागी होती. दाराच्या फळीपलीकडे, बादलीवर, श्वास धरून.

"दुकान उघडेल," लेक म्हणाली. डबा तिनं न जेवताच बंद केला. उठली, दोन पावलं गेली, वळली. "येत्या गुरुवारी येऊ नकोस. कधी यायचं ते मी कळवीन."

चित्रीकरणाच्या दिवशी घडीमावशी गेली. न जाण्याइतकीही ताकद अंगात नव्हती म्हणून गेली. तिला सुती लुगडं नेसवलं, केसांना पांढरं फासलं. मुलाचं काम करणारा नट जिन्यात थांबला. दिवे लागले. बाई हलकेच म्हणाली, "चला."

जिन्यात पावलं वाजू लागली. नट आपलं काम जाणणारा होता, पाय घासत वर येत होता. घडीमावशी दाराजवळ गेली. तिनं कान फळीला लावला. पावलं जवळ आली, आणखी जवळ, आणि ठरलेलं असं होतं की आता तिनं दार उघडून मुलाला कवेत घ्यायचं. तिचा हात कडीकडे गेला नाही. तो बटणाकडे गेला. खोलीतला दिवा विझला आणि ती अंधारात ताठ उभी राहिली, खांदे वर, श्वास कोंडलेला.

बाईनं पुढं येऊन दिवा लावला. डोळे ओले होते तिचे. "मावशी, हे कुठून आणलंत तुम्ही?"

"चोरून," घडीमावशी म्हणाली.

बाईला वाटलं गंमत करते आहे.

"माझं नाही ते. ज्याचं आहे त्याला न विचारता केलं मी. हे ठेवू नका, बाई."

"अहो, पूर्ण सिनेमात इतकं चांगलं काही नाही."

"असेल. पण ते लेकराचं आहे, आईचं नाही. तुम्ही ते आईच्या नावावर लावलंत." तिचा आवाज चढला नव्हता, पण पाय एका जागी ठरत नव्हते, ती तारांमधून इकडून तिकडे फिरत बोलत होती. "सगळ्या तऱ्हेची माणसं दाखवायची म्हणालात. मी त्यातलीच एक तऱ्हा आहे. परवा तुम्ही दारात उभी राहा म्हणालात आणि मी गेले ना बरोबर? तिथं उभी करा मला. नाहीतर जाऊ द्या."

"तुम्हाला सांगितलं ना मी निर्माते काय म्हणतात ते. लोक माफ करत नाहीत."

"मग नका ना करू माफ. मी कुठं मागते आहे?"

कंडक्टरीण नर्सच्या पांढऱ्या पोशाखात कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "बाई, तिकीट काढून बसमध्ये उभं राहायला कुणी हरकत घेत नाही. खिडकीजवळची जागा नाही मागत ती."

बाई फोन घेऊन जिन्यात गेली. तिचं वर-खाली चालणं ऐकू येत होतं. परत आली तेव्हा दमलेली दिसली. विझवलेल्या दिव्याचा तुकडा ठेवणार नाही, तिनं कबूल केलं. आईचं काम एक नाटकातल्या बाई करतील, त्या दार उघडतील आणि रडतील. आणि पुलाखाली पुरुष झोपलेले दाखवायचे आहेत, त्यांच्यात एक बाई चालेल. बोलायचं काही नाही. पण कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबेल.

"एवढंच मिळालं, मावशी."

"मी हिला उचलायला येऊ का?" कंडक्टरणीनं विचारलं.

"तुमचं इस्पितळात आहे."

"तेवढ्यासाठी इस्पितळापर्यंत पोचावं लागेल हिला. कठीण आहे."

बाई हसली, पण लगेच गंभीर झाली. "चेहरा मोठा दिसेल. ओळखीचे लोक बघतील. घरच्यांना विचारून या. सोमवारी करायचं आहे."

घरचे म्हणजे एक लेक, आणि लेकीनं येऊ नको म्हटलेलं. गुरुवार रिकामा गेला. शुक्रवारी कळवणं आलं नाही. घडीमावशी चादरीचं टोक धरून फाटकाकडे बघत राही. फाटक वाजलं की मान वळे, आणि दूधवाला किंवा रद्दीवाला दिसे.

"असं असतं होय हे," ती जवळ येत म्हणाली.

"काय?"

चादर मागं गेली. पुन्हा जवळ आल्यावर ती म्हणाली, "वाट बघणं. काहीच करता येत नाही गं यात."

शनिवारी ती निघाली. बाकावर बसली नाही. ज्या काचेच्या दाराकडे तिनं इतकी वर्षं रस्त्यापलीकडून बघितलं होतं ते ढकलून ती आत गेली. मालक गल्ल्यापाशी एका गिऱ्हाइकाला चौकटी दाखवत होते. म्हणाले, "या बाई. काय हवंय?"

"डोळे दाखवायचेत," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

मालकांनी लेकीला खूण केली. लेकीनं तिला उंच खुर्चीत बसवलं. तिच्या नाकावर ती जड, गोल, काचा बदलायची चौकट चढवली. इतक्या जवळ दोघी फार वर्षांत आल्या नव्हत्या. लेकीची बोटं थंड होती.

"समोर बघा. वरची ओळ वाचा."

तिनं वाचली. मग ओठ न हलवता म्हणाली, "ते दिव्याचं मी काढायला लावलं. दुसरी बाई करणार आहे, दार उघडून."

लेकीनं काच बदलली. "दार उघडून," ती पुटपुटली. "बरंय. पुढची ओळ."

वाचून झाली. "मला पुलाखाली झोपवणार आहेत. चेहरा दिसेल. इथले लोक बघतील. तू नको म्हण, मी जाणार नाही."

"आता बरं की आधीचं बरं?"

"आधीचं."

"आणि आता?"

"आता जरा बरं."

लेकीनं एक काच काढली, रुमालानं पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. पुसून झाली होती तरी पुसत राहिली. "कधी आहे?"

"सोमवारी."

"सोमवारी गर्दी असते दुकानात. मला यायला जमणार नाही." काच तिनं चौकटीत बसवली. "आणि जमलं तरी मी येणार नाही. तसं मी तुला कितीदा तरी बघितलंय, लांबून."

घडीमावशीचे पाय खुर्चीच्या दांडीवर हलत होते. तिनं ते एकमेकांवर दाबून धरले.

"पण कर तू," लेक म्हणाली.

गिऱ्हाईक गेलं. मालक हात पुसत जवळ आले आणि घडीमावशीकडे, तिच्या नाकावरच्या त्या अवजड चौकटीकडे बघून म्हणाले, "काय निघालं बाईंचं?"

लेकीनं वळून पाहिलं नाही. हातातल्या काचेवरचा आकडा वाचत होती.

"आईचं लांबचं ठीक आहे," ती म्हणाली. "जवळचं दिसत नाही."

मालक गोंधळले. "तुझी आई परगावी असते ना?"

"असायची," लेक म्हणाली. तिनं जवळच्या वाचनाचा पुठ्ठा उचलला आणि घडीमावशीच्या हातात दिला. "हे धर. कुठल्या ओळीपर्यंत दिसतं ते वाच."